अहो, एका गोळीनं काय होतंय?

आमच्या स्वयंपाकघरात फडताळाच्या वरच्या फळीवर बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आहे. तुमच्याकडेही असेलच. सासूबाईंच्या रक्तदाबाच्या गोळ्या, ह्यांच्या साखरेच्या, माझ्या गुडघ्यांच्या, धाकट्या जावेला दवाखान्यातून मिळालेल्या लोहाच्या, शिवाय गेल्या तीन वर्षांत कुणाकुणाला आलेल्या तापातून उरलेल्या, असे सगळे त्या डब्यात सुखाने नांदत असते. कुणाचे डोके दुखले की डबा खाली येतो आणि घरची बाई डॉक्टर होते. तीर्थपुरीतली मी अशीच एक डॉक्टर. माझ्या या डॉक्टरकीपायी आमचा मोती मरता मरता वाचला. ती हकिगत सांगताना लाज वाटते, पण तुमच्या दारातही एखादा मोती असेल म्हणून सांगते.

मोती म्हणजे आमचा कुत्रा. गावठीच, बदामी रंगाचा, बारा किलोचा. (हे वजन मला तेव्हा ठाऊक नव्हते बरं का. पुढचे सारे रामायण त्यातूनच झाले.) मोसंबीच्या बागेत राखणीला म्हणून ह्यांनी पिलू आणले, ते राखण सोडून माझ्याच पायात घुटमळायला लागले. एका उन्हाळ्यात तो गच्चीच्या पायऱ्यांवरून घसरला आणि मागचा पाय धरून बसला. रात्रभर कण्हत होता. मला राहवेना. सकाळी माझ्या गुडघेदुखीची एक गोळी भाकरीच्या तुकड्यात, वर तूप लावून त्याला चारली.

सासूबाई म्हणाल्या, "अगं, माणसाची गोळी चालते का त्याला?"

मी म्हटले, "अहो आई, एका गोळीनं काय होतंय?"

आणि पाहा, दुपारपर्यंत मोती पाय टेकायला लागला. मला केवढा आनंद झाला! मग संध्याकाळी आणखी एक दिली. दुसऱ्या दिवशी सकाळ-संध्याकाळ दोन.

तिसऱ्या दिवशी त्याने भाकरीला तोंड लावले नाही. दुपारी ओकला. ओकारी तपकिरी, चहाच्या चोथ्यासारखी. पाणी मात्र घटाघटा पीत होता. संध्याकाळी शी झाली ती डांबरासारखी काळी आणि चिकट. तोंडाला लाळ, चालताना झोकांड्या. शेजारच्या भाऊजींनी कुंपणावरून पाहिले आणि ओरडले, "वहिनी, लांब व्हा! पिसाळलंय कुत्रं!" पाच मिनिटांत दारात चार माणसे आणि दोन काठ्या.

इथे जरा थांबते, कारण ही गोष्ट लहान नाही. त्या माणसांना मी नावे ठेवत नाही. पिसाळलेल्या कुत्र्याचीही लाळ गळते, तेही झोकांड्या खाते, आणि त्या रोगाची लक्षणे माणसात एकदा दिसायला लागली की माणूस वाचत नाही म्हटले तरी चालेल. विषबाधेची लाळ आणि रेबीजची लाळ यांतला फरक नुसत्या डोळ्यांनी सांगणे डॉक्टरांनाही अवघड. मोतीवरच्या काठ्या थांबल्या त्या माझ्या रडण्याने नाही, तर ह्यांनी आतून आणून दाखवलेल्या लसीच्या कार्डाने. दर वर्षीची रेबीजची लस टोचलेली, तारीख-शिक्क्यासह. तेव्हा कुत्र्याचे कार्ड रेशनकार्डाशेजारी ठेवा. आणि कार्ड असले तरी आजारी कुत्र्याच्या तोंडात उघडा हात घालू नका. दात लागला किंवा जखमेवर लाळ पडली, तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवायचे आणि त्याच दिवशी आपल्या दवाखान्यात जाऊन लस घ्यायची. हळद-तिखट लावून घरी बसायचे नाही.

मोतीला पोत्यावर निजवून गुरांच्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी विचारले, "ताई, काही खाल्लं का यानं? घरात कुठलं औषध वगैरे?"

आणि मैत्रिणींनो, मी "नाही" म्हणाले.

का म्हणाले? ह्यांच्यासमोर, सासूबाईंच्या शब्दाबाहेर जाऊन मीच गोळ्या चारल्या हे कसे सांगायचे? डॉक्टर बिचारे उंदराच्या औषधाची शंका घेऊ लागले, गोचिडाच्या तापाची घेऊ लागले, पोटात काही अडकले का ते दाबून पाहू लागले. अर्धा-पाऊण तास असा गेला. शेवटी मलाच सोसवेना आणि मी पदराच्या टोकाला बांधलेले रिकामे पाकीट त्यांच्या टेबलावर ठेवले. ते रागावले नाहीत. पाकीट उलटे करून मागची बारीक अक्षरे वाचली आणि म्हणाले, "हे आधी सांगितलं असतं तर अर्धं काम झालं असतं."

पाकिटाच्या मागे लिहिले होते: आयबुप्रोफेन ४०० मिलिग्रॅम, पॅरासिटामॉल ३२५ मिलिग्रॅम. दुकानात अशा गोळ्या दहा नावांनी मिळतात. नाव सोडा, मागची अक्षरे वाचा.

मग त्यांनी हिशेब मांडला. माझे वजन साठ किलो, मोतीचे बारा. म्हणजे माझी एक गोळी त्याला पाच गोळ्यांसारखी. पण एवढ्यावरच भागत नाही. मला वाटत होते, कुत्रा म्हणजे लहान मूल, अर्धी गोळी दिली की झाले. तसे नसते. या जातीची वेदनाशामक औषधे कुत्र्याच्या पित्तातून आतड्यात उतरतात, तिथून पुन्हा रक्तात शोषली जातात, पुन्हा पित्तात, असे फेरे घेत राहतात. माणसाच्या अंगातून जे काही तासांत निघून जाते ते त्याच्या अंगात मुक्काम ठोकते. आणि दुखणे थांबवताना ते औषध पोटाच्या आतल्या अस्तराचे रक्षण करणारे आणि मूत्रपिंडाला रक्त पुरते ठेवणारे द्रव्यही थांबवते. मग पोटात व्रण पडतात, रक्त झिरपते. तेच रक्त ओकारीत चहाच्या चोथ्यासारखे आणि शीमध्ये डांबरासारखे दिसते. आयबुप्रोफेन कुत्र्याच्या एका किलो वजनामागे २५ मिलिग्रॅमच्या आसपास गेले की पोटाला इजा सुरू होते, १७५ च्या पुढे मूत्रपिंड धोक्यात येते, ४०० च्या पुढे झटके. दिवसामागून दिवस देत राहिले तर याहून पुष्कळ कमीतही इजा होते. माझ्या एका गोळीत मोतीला किलोमागे ३३ मिलिग्रॅम मिळत होते आणि मी दोन दिवसांत चार दिल्या होत्या. पाय टेकला त्याचा मला आनंद होत होता, तेव्हा आत पोट सोलवटत होते.

डायक्लोफेनॅकचेही असेच, किंबहुना कुत्र्याला ते अधिक जाचक. नुसती गोळीच नव्हे, गुडघ्याला चोळायचे मलमसुद्धा. आपण मलम लावून बसतो आणि कुत्रे प्रेमाने गुडघा चाटते, हे दृश्य तुमच्या घरी नाही का?

डायक्लोफेनॅक म्हटले की गिधाडांची गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. आमच्या सासूबाई सांगतात, पूर्वी गावाबाहेर मेलेले जनावर टाकले की आभाळातून गिधाडे उतरायची आणि बघता बघता नुसता सांगाडा उरायचा. १९९० नंतरच्या दहा-पंधरा वर्षांत भारतातली गिधाडे जवळजवळ नाहीशी झाली. कारण कळले ते २००४ मध्ये. दुखऱ्या गाई-बैलांना दिलेले डायक्लोफेनॅक त्यांच्या मांसात राही, ते खाऊन गिधाडांची मूत्रपिंडे निकामी होत. गुरांसाठी हे औषध बनवण्यावर २००६ मध्ये आपल्याकडे बंदी आली, आणि त्याच कारणाने २०२३ मध्ये गुरांच्या किटोप्रोफेन व ॲसिक्लोफेनॅकवरही. बैलाला ज्याने उतार पडला त्यानेच गिधाड मेले. मग माझ्या गुडघ्याची गोळी मोतीला कशी चालणार?

आता त्या डब्यातल्या बाकीच्या मंडळींकडे वळू.

पॅरासिटामॉल आपल्याला निरुपद्रवी वाटते. लहान कुत्र्याने चार-दोन गोळ्या खाल्ल्या तर यकृत बिघडते, रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद जाते, हिरड्या मातकट तपकिरी होतात, तोंड आणि पंजे सुजतात, धाप लागते. यावर उतारा आहे, पण तो डॉक्टरांकडे, आणि लवकर गेले तरच. मांजर असेल तर एकच सांगते: पॅरासिटामॉलचा कणही नको. मांजराच्या यकृताला ते पचवताच येत नाही, एक गोळी तिचा जीव घेते.

क्षयाच्या गोळ्या ज्या घरात चालू आहेत त्यांनी तर फारच जपावे. त्यातले आयसोनियाझिड निकामी करायची माणसाच्या शरीराला जी वाट असते ती कुत्र्याच्या शरीरात नसते. थोड्या गोळ्यांनीही तासा-दोन तासांत झटके येतात आणि थांबता थांबत नाहीत. उतारा मात्र साधा आहे: ब-६ जीवनसत्त्वाचे इंजेक्शन. पण डॉक्टरांना "घरात क्षयाचं औषध आहे" हे कळल्याशिवाय ते त्यांना सुचणार कसे? लोक हा आजार लपवतात आणि कुत्रे हकनाक मरते. सांगा बायांनो, डॉक्टर काही गावभर करत नाहीत.

साखरेच्या गोळ्यांनी (ग्लिमेपिराइडसारख्या) कुत्र्याची साखर एकदम उतरते. थरथर, लटपट, मग बेशुद्धी. कुत्रे शुद्धीवर असेल तर वाटेत हिरड्यांना मध किंवा गुळाचे दाट पाणी बोटाने चोळता येते, घशात ओतायचे नाही. बिनसाखरेच्या च्युइंगममध्ये आणि काही पातळ औषधांत झायलिटॉल नावाचा गोडवा असतो, तोही अर्ध्या तासात हेच करतो आणि वर यकृत बिघडवतो. रक्तदाबाच्या गोळ्यांनी कुत्रे गळून जाते, उभे राहवत नाही, नाडी मंदावते.

लोहाच्या लाल गोळ्या गोडसर कवचाच्या. एका गोळीत साधारण ६० मिलिग्रॅम लोह. दहा किलोच्या कुत्र्याने दहा गोळ्यांचे पाकीट फस्त केले तर ती जिवावरची मात्रा. यात फसवणूक अशी की आधी उलट्या-जुलाब होतात, मग कुत्रे सावरल्यासारखे दिसते, आपण हुश्श करतो, आणि दुसऱ्या दिवशी ते कोसळते.

तशीच फसवी ती ड जीवनसत्त्वाची पुडी, साठ हजार युनिटांची, आठवड्यातून एक दुधातून घ्यायची. गोड, वास छान. लहान कुत्र्याला एक पुडीही जड जाते, आणि डब्यातल्या चारही चाटल्या तर रक्तातले कॅल्शियम वाढून मूत्रपिंडे बिघडतात. लक्षणे एक-दोन दिवसांनी दिसतात: तहान, उलटी, वारंवार लघवी. तोवर आपण पुडी विसरलेलो असतो.

आणि आपल्या भागात गोठा विसरून कसे चालेल! गोचिडाचे औषध बैलाच्या मापाने कालवून उरलेले कुत्र्याच्या अंगावर ओतणे, किंवा जंताच्या आयव्हरमेक्टिनची गुरांची सुई "थोडीशी" कुत्र्याला टोचणे, हे घरोघर चालते. कुत्रे थरथरते, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात, दिसेनासे होते. काही विलायती मेंढपाळ जातीच्या कुत्र्यांना तर आयव्हरमेक्टिन गुरांच्या हिशेबाने दिले की ते थेट मेंदूत शिरते. गोचिडाचे औषध अंगावर जास्त पडले असेल तर हातात प्लास्टिकच्या पिशव्या घालून, कोमट पाण्याने आणि भांडी घासायच्या साबणाने अंग धुवा, चाटू देऊ नका, आणि मग दवाखाना.

आता करायचे काय ते सांगते. कुत्र्याने गोळ्या खाल्ल्याचे कळले आणि ते अजून उड्या मारते आहे, तरी वाट पाहायची नाही. खाल्ल्यापासून साधारण दोन तासांत डॉक्टर इंजेक्शन देऊन ओकवू शकतात, त्यानंतर गोळी पुढे गेलेली असते. पाकीट उचला, रिकामी घरे मोजा. जेवढ्या गोळ्यांचा पत्ता लागत नाही तेवढ्या सगळ्या त्याने खाल्ल्या असे धरा. घरात दोन कुत्री असतील तर दोघांनीही खाल्ल्या असे धरा. कोणती गोळी, किती, किती वाजता आणि कुत्र्याचे वजन किती, एवढे डॉक्टरांना फोनवर सांगा आणि निघा. पाकीट बरोबर घ्या. ओकारी झाली असेल तर तीही डबीत भरून न्या, किळस मागाहून.

घरचे उपाय मात्र सारे आवरा. सर्वात वाईट ते मिठाचे पाणी. त्याने ओकारी होईलच असे नाही, पण रक्तातले मीठ वाढून कुत्र्याला झटके येतात, मूळ विषाहून ते भारी पडते. दूध-तुपाने विष "बसत" नाही, काही औषधे उलट लवकर भिनतात. चुलीतला कोळसा कुटून पाजणाऱ्या आहेत. डॉक्टर देतात तो औषधी कोळसा वेगळा, चुलीतला नव्हे, आणि तोही लोहाला पकडत नाही. घशात बोट घालू नका. कुत्रे पेंगत असेल, झोकांड्या खात असेल किंवा रॉकेल-फिनेल प्यायले असेल तर ओकवायचा विचारही नको, ओकारी फुप्फुसात जाते.

झटका आला तर कांदा हुंगवायचा, चप्पल हुंगवायची, दातांत चमचा घालायचा, हे माणसालाही करू नये आणि कुत्र्यालाही. आसपासचे पाट-खुर्च्या बाजूला सारा, दिवे मालवा, पोरांना बाहेर काढा आणि घड्याळ पाहा. झटका किती मिनिटे चालला हे डॉक्टर विचारणारच. नेताना कुशीवर निजवा, मान सरळ, तोंड किंचित खाली. दुखणाऱ्या कुत्र्याला आपले-परके कळत नाही, ते चावते. एरवी तोंडाला कापडी पट्टी बांधता येते, पण ओकणाऱ्या कुत्र्याला कधीही नाही.

हिरड्या बघायला आजच शिका, कुत्रे धडधाकट असताना. बोटाने दाबली की पांढरी होते आणि एक-दोन सेकंदांत पुन्हा गुलाबी. पांढरटच राहिली तर रक्त कमी पडते आहे किंवा नीट फिरत नाही, पिवळी म्हणजे यकृताचा संशय, मातकट म्हणजे पॅरासिटामॉलची आठवण करा. हिरड्या मुळातच काळ्या असतील तर खालची पापणी ओढून आत बघा.

जवळपास डॉक्टर कोण हे आधीच विचारून ठेवा. पशुसंवर्धन खात्याचा १९६२ हा टोल-फ्री क्रमांक आहे. सेवा मुख्यतः गुरांसाठी, पण विचारायला काय हरकत? आम्हा तीर्थपुरीकरांना मोठ्या उपचाराला अंबड, नाहीतर जालना गाठावे लागते. परभणीला १९७२ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे.

मोतीला पाच दिवस सलाइन लागले, पोटाच्या अस्तरासाठी औषधे, मूत्रपिंडासाठी दोनदा रक्त तपासले. सहाव्या दिवशी त्याने ताकभाताला तोंड लावले तेव्हा ह्यांनी मला फक्त एवढेच विचारले, "पहिल्यांदा नाही का म्हणालीस?" उत्तर अजून दिलेले नाही.

तुम्ही विचाराल, मग कुत्रे रात्रभर कण्हत असेल तर द्यायचे तरी काय? घरातले काहीही नाही. आखूड दोरीने बांधून हालचाल थांबवा, सुजेवर फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा मिनिटे धरा, पाणी जवळ ठेवा आणि डॉक्टरांना गाठा. "पण डॉक्टरच मेलॉक्सिकॅम देतात की!" देतात. मीही असाच वाद घातला होता. त्यांनी दाखवले: कुत्र्याला रोजची मात्रा किलोमागे ०.१ मिलिग्रॅम, म्हणजे मोतीला सव्वा मिलिग्रॅमच्या आत. माणसाची गोळी साडेसात किंवा पंधराची. आणि तेही पोट, मूत्रपिंड तपासून, मोजक्या दिवसांसाठी.

म्हणून वजन हवे. घरचा काटा असेल तर आधी एकट्या उभ्या राहा, मग कुत्र्याला कडेवर घेऊन, आणि वजाबाकी करा. नसेल तर कापूसवाल्याचा काटा आहेच. आमच्या मोतीला त्याच काट्यावर मोजतात. बसत नाही, पण गुळाचा खडा दाखवला की बसतो. आकडा मी फडताळाच्या दारावर आतून पेन्सिलीने लिहिते. डबा आता त्याच फडताळात, कुलपात असतो, आणि किल्ली सासूबाईंच्या कमरेला.